आधी परवानगी, मग मांडव

पहाटे साडेपाचला सनई, सहाला गायन, साडेआठला फराळ. दिवाळी पहाटेची अशी पत्रिका छापून होते, घरोघर वाटली जाते, आणि कार्यक्रम चार दिवसांवर आला की कोणीतरी विचारते, "पोलिसांचे पत्र आले का?" मग धावपळ सुरू होते आणि कळते, की पत्र एक नसते. जागेचे वेगळे, स्पीकरचे वेगळे, मांडवाचे, विजेचे, स्टॉलचे, कमानीचे वेगळे. शिवाय पत्रिकेतली पहिलीच ओळ कायद्यात बसत नाही. उघड्या जागेत सकाळी सहापर्यंत ध्वनिक्षेपक लावायला बंदी आहे.

महाराष्ट्रातल्या शहरांत गृहसंकुले, उत्सव मंडळे, वाचनालये आणि ज्येष्ठ नागरिक संघ वर्षभर असे कार्यक्रम करत असतात. बहुतेकांची अडचण परवानगी नाकारली जाते ही नसते. कोणता कागद आधी आणि कोणता नंतर हे माहीत नसते, म्हणून वेळ हातातून जातो. हा क्रम नीट लक्षात ठेवला तर निम्मे काम सोपे होते.

परवानगी लागते कधी?

स्वतःला चार प्रश्न विचारा. जागा रस्ता, चौक, उद्यान किंवा मैदान अशी सार्वजनिक आहे का? ध्वनिक्षेपक लागणार आहे का? मांडव, स्टेज, कमान असे काही तात्पुरते बांधकाम होणार आहे का? बाहेरच्या लोकांना प्रवेश आहे का, तिकीट आहे का? चारही उत्तरे "नाही" असतील, म्हणजे सोसायटीच्या सभागृहात सभासदांपुरते हळदीकुंकू असेल, तर कोणाकडे जाण्याची गरज नाही. एकही उत्तर "हो" आले की त्या बाबीपुरती परवानगी लागते. सोसायटीचे अंगण खासगी असले तरी तिथे स्पीकर लावायचा असेल तर पोलिसांचे लेखी पत्र हवेच.

बंदिस्त नाट्यगृह किंवा सभागृह घेतले तर बरेचसे ओझे उतरते, कारण त्या वास्तूचे परवाने आधीच घेतलेले असतात. ते चालू आहेत ना, हे मात्र व्यवस्थापकाकडे पाहून घ्या. नाटक करणार असाल तर संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र लागते. गाजलेल्या नाटकाला ते बहुधा असते आणि लेखकाच्या परवानगीबरोबर त्याची प्रत मागून घेता येते. नव्या संहितेसाठी मात्र तालमी सुरू होतानाच अर्ज करावा.

पहिले पत्र जागेच्या मालकाचे

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न येतो तो "जागेची ना-हरकत कुठे आहे?" हा. म्हणून सुरुवात तिथून करावी. महापालिकेचा रस्ता किंवा चौक असेल तर क्षेत्रीय कार्यालय (मुंबईत वॉर्ड ऑफिस), उद्यान असेल तर उद्यान विभाग, शाळेचे मैदान असेल तर शाळा ज्या संस्थेची आहे ती. जमीन सरकारी असेल तर जिल्हाधिकारी कार्यालय. सिडको, म्हाडा, देवस्थान किंवा खासगी मालक असेल तर त्यांचे पत्र. समुद्रकिनारा असेल तर जिल्हाधिकाऱ्यांबरोबर सागरी मंडळालाही विचारावे लागते.

सणासुदीला रस्त्यावर तात्पुरता मांडव घालू देण्याचा अधिकार महापालिका आयुक्तांना कायद्यानेच दिलेला आहे. मुंबईत १८८८ चा महापालिका अधिनियम लागू आहे, इतर महापालिकांना १९४९ चा. पण त्यासाठी पोलिसांची संमतीही लागते. त्यामुळे पालिका पोलिसांकडे पाठवते, पोलीस पालिकेकडे पाठवतात असा अनुभव येतो. यावर उपाय असा, की दोन्हीकडे एकाच दिवशी अर्ज द्यावेत आणि एका अर्जाची पोच दुसऱ्याला जोडावी. गणेशोत्सवासाठी मुंबई, पुण्यासह अनेक महापालिकांनी एक खिडकी पद्धत आणि ऑनलाइन अर्ज सुरू केले आहेत, तिथे हा हेलपाटा वाचतो. इतर कार्यक्रमांसाठी ती खिडकी उघडी असेलच असे नाही, त्यामुळे आधी चौकशी करावी.

काही मैदानांचे नियम त्या मैदानापुरतेच असतात. दादरच्या शिवाजी पार्कवर खेळाव्यतिरिक्तच्या कार्यक्रमांसाठी वर्षाचे ठरावीक दिवसच राखून ठेवलेले आहेत. अशा जागी तुमच्या आधी कोणाचा अर्ज आहे, यावर बरेच काही अवलंबून असते.

पोलीस ठाण्यातली तीन कामे

ध्वनिक्षेपकाचा परवाना, कार्यक्रमाची परवानगी आणि वाहतुकीचा बंदोबस्त ही तीन वेगळी कामे आहेत. पहिली दोन स्थानिक पोलीस ठाण्यात होतात. रस्ता बंद करायचा असेल किंवा मिरवणूक काढायची असेल तर वाहतूक शाखेचे पत्र लागते आणि मार्ग बदलल्याची अधिसूचना त्यांच्याकडून निघते. बसमार्गावरचा रस्ता असेल तर परिवहन उपक्रमालाही कळवावे. तिकीट लावलेल्या संगीत किंवा नृत्याच्या कार्यक्रमाला १९५१ च्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमाखालचे करमणुकीचे परवाने लागतात. अशा कार्यक्रमाला बंदोबस्ताचे शुल्कही पडू शकते, ते अंदाजपत्रकात धरून ठेवा.

अर्ज एका पानाचा असावा, पण पूर्ण असावा. आयोजकांपैकी एका जबाबदार माणसाचे नाव व मोबाइल क्रमांक, कार्यक्रमाचे स्वरूप, तारीख, सुरू होण्याची आणि संपण्याची वेळ, अपेक्षित गर्दी, कलाकार व प्रमुख पाहुणे, स्पीकरची संख्या, वाहनतळाची सोय, स्वयंसेवकांची यादी आणि जागेचा हाताने काढलेला का होईना नकाशा. नकाशात स्टेज, येण्याजाण्याच्या वाटा, जनरेटर आणि रुग्णवाहिकेची जागा दाखवली की निम्मे प्रश्न विचारलेच जात नाहीत. अर्जाच्या दोन प्रती न्या, एकीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: पोच म्हणजे परवानगी नव्हे, आणि कळवणे म्हणजे विचारणे नव्हे. बंगळूरूत ४ जून २०२५ रोजी क्रिकेट संघाच्या विजयोत्सवात चिन्नास्वामी मैदानाबाहेर चेंगराचेंगरी होऊन ११ जणांचा जीव गेला. पुढे हे प्रकरण केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणापुढे आले, तेव्हा आयोजकांनी पोलिसांची रीतसर परवानगी घेतलीच नव्हती असे न्यायाधिकरणाने नोंदवले. तुमचा कार्यक्रम दोनशे माणसांचा असला तरी नियम तोच.

पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मोठ्या शहरांत अधूनमधून जमावबंदीचे आदेश निघतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खालीही बंदी येऊ शकते. जुन्या १४४ कलमाची जागा आता त्याने घेतली आहे. ड्रोनने चित्रीकरण करायचे असेल तर हे आदेश आधी तपासा. निवडणुकीची आचारसंहिता लागली असेल तर निवडणूक कार्यालयालाही विचारावे लागते, विशेषतः व्यासपीठावर राजकीय पाहुणे असतील तेव्हा.

आवाजाचे गणित

सगळ्यात जास्त तक्रारी आणि गुन्हे आवाजावरून होतात, म्हणून हा भाग जरा थांबून वाचावा. २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम देशभर लागू आहेत. त्यानुसार लेखी परवानगीशिवाय ध्वनिक्षेपक लावता येत नाही आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर तो लावताच येत नाही. सभागृहासारख्या बंदिस्त जागेत आतल्या आत ऐकू येण्यापुरती सूट आहे. सण-उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १० ते १२ अशी सवलत देऊ शकते. हे दिवस जिल्ह्यानुसार जाहीर होतात. पण सवलत मध्यरात्रीपर्यंतची आहे, पहाटेची नाही. म्हणून उद्यानातली दिवाळी पहाट पाचला सुरू करायची असेल तर सहापर्यंत वादन ध्वनिक्षेपकाविना ठेवा, नाहीतर नाट्यगृह घ्या.

आता पातळी. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, व्यापारी भागात ६५ ही मर्यादा आहे. सार्वजनिक जागेत स्पीकर लावला असेल तर त्या जागेच्या सीमेवर यापेक्षा १० डेसिबल जास्त किंवा ७५, यांपैकी जे कमी असेल तेवढेच चालते. म्हणजे निवासी भागात ६५. मोठ्याने चाललेले साधे बोलणेही या आकड्याच्या आसपास जाते, तेव्हा टॉवर स्पीकर आणि डीजे या मर्यादेत बसवणे किती अवघड आहे हे वेगळे सांगायला नको. साउंडवाल्याला काम देतानाच हा आकडा लिहून द्या. चार मोठे स्पीकर एकाच ठिकाणी रचण्यापेक्षा लहान स्पीकर प्रेक्षकांत विखरून, आतल्या बाजूला तोंड करून लावले तर सगळ्यांना ऐकू येते आणि शेजारच्या इमारतीला त्रास होत नाही. मोबाइलवरचे मापक ॲप अंदाजापुरते ठीक आहे, पोलिसांच्या यंत्राशी वाद घालायला उपयोगाचे नाही.

रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती १०० मीटरपर्यंतचा भाग शांतता क्षेत्र म्हणून घोषित होऊ शकतो. तुमची जागा अशा घोषित क्षेत्रात आहे का, हे जागा ठरवण्याआधीच पोलीस ठाण्यात विचारा. असेल तर जागा बदला.

मांडव, वीज, आग

हरियाणातल्या डबवाली येथे २३ डिसेंबर १९९५ रोजी शाळेच्या स्नेहसंमेलनात मांडवाला आग लागली. सिंथेटिक कापड पेटून लोकांच्या अंगावर कोसळले, बाहेर पडायला पुरेशा वाटा नव्हत्या. चारशेहून अधिक माणसे गेली, त्यांत बरीचशी मुले होती. अग्निशमन दलाच्या ना-हरकत दाखल्यातली जवळपास प्रत्येक अट अशाच एखाद्या दुर्घटनेतून आलेली आहे, हे ध्यानात ठेवले की ती अट जाच वाटत नाही.

तात्पुरत्या मांडवांच्या अग्निसुरक्षेसाठी भारतीय मानक ८७५८ आहे. मंडपवाल्याशी बोलताना त्यातले हे मुद्दे धरा. छत तीन मीटरपेक्षा खाली नको. कापड सुती आणि शक्यतो अग्निरोधक प्रक्रिया केलेले हवे, सिंथेटिक कापड आणि दोर नकोत. विजेच्या तारांखाली मांडव घालू नये. आजूबाजूच्या भिंतींपासून अंतर सोडावे. बाहेर पडायच्या वाटा एकाहून अधिक, एकमेकींपासून लांब आणि मोकळ्या असाव्यात. कनातीने वाट झाकून त्यापुढे पाहुण्यांचे सोफे मांडणे हा तर नेहमीचा प्रकार, तो टाळा. मांडवाच्या बाजूने बंब आणि रुग्णवाहिका जाईल एवढा रस्ता मोकळा असलाच पाहिजे. मोठ्या स्टेजला किंवा लोखंडी टॉवरला संरचना अभियंत्याचे प्रमाणपत्र मागितले जाते.

विजेसाठी महावितरण किंवा तुमच्या भागातल्या वीज कंपनीकडून तात्पुरती जोडणी घ्या. दिव्याच्या खांबावरून आकडा टाकणे हा गुन्हा तर आहेच, शिवाय पावसात जीवघेणे. वायरिंग परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्या, त्याचा चाचणी अहवाल अर्जाला लागतो. ईएलसीबी बसवायला सांगा, म्हणजे गळती होताच वीज आपोआप तुटते. जनरेटर मांडवापासून दूर ठेवा आणि डिझेलचे कॅन त्याच्याजवळ ठेवू नका. रस्त्यावर खांबासाठी खड्डे खणाल तर पालिका दंड करते. तो अनामत रकमेतूनच कापला जातो. वाळूच्या पिंपात खांब उभे केले की तो प्रश्न उरत नाही.

गर्दी आणि ऊन

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१४ मध्ये गर्दीच्या कार्यक्रमांसाठी मार्गदर्शिका काढली आहे. त्यातले सार लहान आयोजकांनाही लागू पडते: जागेत किती माणसे मावतात ते आधी ठरवा, आत येण्याची आणि बाहेर जाण्याची वाट वेगळी ठेवा, आणि जागा भरली की प्रवेश थांबवण्याचा अधिकार कोणाला आहे ते आधीच ठरवा. स्वयंसेवकांना ओळखपत्र द्या, प्रत्येकाला जागा वाटून द्या. प्रथमोपचार पेटी, पिण्याचे पाणी, पुरेशी स्वच्छतागृहे हवीत. मोठी गर्दी असेल तर जागेवर रुग्णवाहिका हवी. १०८ क्रमांक सगळ्यांना माहीत असला तरी गाडी यायला वेळ लागतो.

परवानग्या पूर्ण असल्या म्हणजे सारे झाले असेही नाही. खारघरला १६ एप्रिल २०२३ रोजी महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात उष्माघाताने १४ जण दगावले. तो सरकारचाच कार्यक्रम होता. उन्हाळ्यात दुपारची वेळ आणि उघडे मैदान हा मेळ कोणत्याही शिक्क्याने सुरक्षित होत नाही. वेळ सकाळची किंवा संध्याकाळची ठेवा, प्रेक्षकांवर छत घाला.

विमा हा खर्च वाटतो, पण सार्वजनिक दायित्वाची एका दिवसाची पॉलिसी मध्यम मंडळालाही झेपते. किंग्ज सर्कलच्या जीएसबी सेवा मंडळासारखे श्रीमंत मंडळ कोट्यवधींचा विमा घेते. तुम्हाला तेवढा नको, पण प्रेक्षक, स्वयंसेवक आणि आगीपुरता तरी घ्या.

वर्गणी, प्रसाद, गाणी

नोंदणी नसलेल्या मंडळाने सार्वजनिक वर्गणी गोळा करायची असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ सी खाली धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. अर्ज ऑनलाइन होतो. नंतर जमाखर्च सादर करायचा असतो, म्हणून पावतीपुस्तकांचे क्रमांक नोंदवून ठेवा.

महाप्रसाद किंवा खाद्यपदार्थांचे स्टॉल असतील तर अन्नसुरक्षेची नोंदणी लागते. धार्मिक वा सामाजिक मेळाव्यात अन्न वाटणाऱ्यांचाही त्यात समावेश आहे. केटररला काम दिले असेल तर त्याचा परवाना क्रमांक मागून घ्या. बचत गटांच्या स्टॉलना नोंदणी करायला दीड महिना आधी सांगा.

ध्वनिमुद्रित गाणी सार्वजनिक ठिकाणी वाजवण्यासाठी हक्कधारकांच्या संस्थांकडून, म्हणजे पीपीएल, आयपीआरएस यांच्यासारख्यांकडून, परवाना घ्यावा लागतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात खऱ्याखुऱ्या धार्मिक विधींना आणि लग्नसमारंभांना सूट आहे. प्रेक्षकांकडून पैसे न घेणाऱ्या हौशी मंडळाच्या सादरीकरणालाही आहे. तिकीट लावून चित्रपटगीतांचा कार्यक्रम केलात तर ती सूट मिळत नाही.

कमान, फ्लेक्स, कचरा

स्वागत कमान, फ्लेक्स, फुगे या सर्वांना पालिकेच्या परवाना विभागाची स्वतंत्र मंजुरी लागते. परवानगीचा क्रमांक आणि मुदत फलकावर छापावी लागते. मुदत संपली की फलक स्वतः उतरवा. विनापरवाना फलकांबाबत मुंबई उच्च न्यायालयाने वेळोवेळी कडक आदेश दिले आहेत आणि गुन्हा फलकावर ज्यांचे फोटो असतात त्यांच्यावरही दाखल होऊ शकतो.

परवानाधारक नसलेल्या जागी शंभराहून अधिक लोकांचा कार्यक्रम असेल तर पालिकेला किमान तीन कामकाजाचे दिवस आधी कळवणे आणि ओला-सुका कचरा वेगळा करून देणे, हे घनकचरा व्यवस्थापनाच्या केंद्रीय नियमांत २०१६ पासून आयोजकाचे कर्तव्य आहे. ही तरतूद फार थोड्या मंडळांना माहीत असते. एकदाच वापरायच्या प्लास्टिकला आणि थर्माकोलच्या सजावटीला बंदी आहे, म्हणून पत्रावळी आणि स्टीलचे पेले ठरवा.

उलटे कॅलेंडर

कार्यक्रमाच्या तारखेपासून मागे मोजा. पुढचे टप्पे कायद्याने ठरवलेले नाहीत, पण पाळले तर शेवटचा आठवडा शांतपणे जातो.

• दोन महिने आधी: जागेचा अर्ज, शांतता क्षेत्राची चौकशी, नाटक असेल तर संहितेचे प्रमाणपत्र.
• दीड महिना आधी: पोलीस ठाणे व वाहतूक शाखेकडे अर्ज, वर्गणीची परवानगी, स्टॉलधारकांची नोंदणी.
• एक महिना आधी: मंडप, साउंड, वीज यांच्याशी अटींसह लेखी करार, विम्याची चौकशी.
• पंधरा दिवस आधी: अग्निशमन दल, तात्पुरती वीजजोडणी, फलकांची मंजुरी. पत्रिका यानंतरच छापा.
• आठवडाभर आधी: घनकचरा विभागाला पत्र, स्वयंसेवकांची बैठक, शेजारच्या इमारतींना कार्यक्रमाच्या वेळेची चिठ्ठी.
• आदल्या दिवशी: मांडव व वायरिंगची पाहणी, सगळ्या मूळ पत्रांची फाइल स्टेजजवळ.

प्रत्येक परवानगीपत्राच्या मागच्या बाजूला किंवा शेवटी अटी छापलेल्या असतात. पहिल्या पानावरचा शिक्का सगळे पाहतात, अटी कोणी वाचत नाही. त्या वाचून सूत्रसंचालक, साउंडवाला आणि मंडपवाला या तिघांना सांगा. परवानगी दहापर्यंतची असताना सव्वादहाला "आणखी एक गाणे" म्हटले जाते, ते स्टेजवरूनच.

नकार आला तर

तोंडी नकार मान्य करू नका, कारणांसह लेखी मागा. ध्वनिक्षेपक परवान्यासारख्या पोलिसांच्या काही सेवा २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली अधिसूचित आहेत. त्यांना ठरलेली मुदत आहे, आणि मुदत टळली किंवा अर्ज फेटाळला गेला तर वरिष्ठांकडे अपील करता येते. आक्षेप एखाद्या मुद्द्यावर असेल तर वेळ, मार्ग किंवा स्पीकरची संख्या बदलून पुन्हा अर्ज द्या. बहुतेक प्रकरणे इथेच मिटतात. लेखी नकार हातात असेल तर न्यायालयात दाद मागणे सोपे जाते. २०२२ मध्ये शिवाजी पार्कवरच्या दसरा मेळाव्याला महापालिकेने कायदा-सुव्यवस्थेचे कारण देऊन नकार दिला. ते प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि दसऱ्याच्या बारा दिवस आधी, २३ सप्टेंबरला, परवानगी मिळाली. अर्ज वेळेत केलेला होता म्हणून निकालानंतरही तयारीला दिवस उरले.

ओळखीच्या नगरसेवकाचा फोन अर्ज पुढे सरकवू शकतो, पण अपघात झाला तर गुन्हा अर्जावर सही करणाऱ्यावर नोंदवला जातो. म्हणून मंडळाच्या पुढच्या बैठकीत गायक कोण आणि फराळाला काय हे ठरवण्याआधी परवानग्यांची जबाबदारी एका माणसाकडे नावानिशी सोपवा, आणि त्याच आठवड्यात जागेचा अर्ज आवक खिडकीत देऊन या.